खुकरीचा कप्तान

कोल्हापूर जिल्ह्याला सैनिकी परंपरा नवी नाही. शिरोळ तालुक्यातील एक गाव तर सैनिक टाकळी म्हणूनच ओळखले जाते आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र शेजारच्या बेळगावात आहे. मात्र आपल्या मनातील वीर बहुधा डोंगरदऱ्यांत लढणारा असतो. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे असल्यामुळे दर्यावर देह ठेवणाऱ्यांची आठवण आपल्याला कमी होते. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला हे अशांपैकीच एक.

मुल्लांचा जन्म १५ मे १९२६ रोजी गोरखपूर येथे एका काश्मिरी पंडित कुटुंबात झाला. घराण्यात वकिली व न्यायदान यांची परंपरा होती. काका आनंद नारायण मुल्ला हे न्यायमूर्ती होते आणि उर्दूतील नामवंत कवीही. महेंद्रनाथांनी मात्र सागराची वाट धरली. १९४६ साली ते नौदलात दाखल झाले व १९४८ साली अधिकारी झाले. घराण्याचा वारसा तरीही सुटला नाही. नौदलाच्या कायद्याचा त्यांचा अभ्यास इतका चांगला होता, की लष्करी न्यायालयात आरोपीची बाजू मांडण्यासाठी त्यांना आवर्जून बोलावले जाई. 'राणा' या विनाशिकेचे नेतृत्व त्यांनी केले. मुंबईतील 'आंग्रे' हा नौदलाचा तळही त्यांनी सांभाळला. कान्होजींचे नाव मिरवणाऱ्या या तळावरून ते फेब्रुवारी १९७१ मध्ये 'खुकरी' या फ्रिगेटवर रुजू झाले.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला युद्ध पेटले. नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्रांचा मारा करून मोठे यश मिळविले. पण सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ शत्रूची पाणबुडी वावरत असल्याचा सुगावा लागला. तिचा माग काढण्यासाठी मुंबईहून 'खुकरी' व 'किरपाण' निघाल्या. 'खुकरी' १९५८ साली नौदलात आलेली होती, तर पाकिस्तानची 'हंगोर' ही फ्रान्समध्ये बांधलेली नवी डाफ्ने जातीची पाणबुडी होती. पाण्याखालची चाहूल घेणारे खुकरीवरील सोनार यंत्र जवळच्या पल्ल्याचे; उलट पाणबुडीला जहाजांची चाहूल बरीच आधी लागत असे. म्हणजे जी शिकार करायला निघाली, तीच शिकार होण्याचा धोका अधिक होता. ही कामगिरी या जहाजांवर सोपविणे कितपत योग्य होते, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली.

९ डिसेंबरच्या रात्री, दीवपासून सुमारे ४० मैलांवर, पावणेनऊच्या सुमारास हंगोरने पाणतीर सोडले. किरपाणवर सोडलेला पाणतीर फुटला नाही. खुकरीवर सोडलेला अचूक लागला. दिवे गेले, जहाज कलले. बुडायला अवघी काही मिनिटे लागली. मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला. गोंधळलेल्या नाविकांना ते समुद्रात उड्या घ्यायला लावीत होते. स्वतःचे जीवरक्षक जाकीट त्यांनी एका नाविकाला दिले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचे पाहिले ते जहाजावरच. १८ अधिकारी व १७६ नाविक त्या रात्री गेले. ६७ जण वाचले. किनाऱ्यावर मुल्लांची पत्नी आणि दोन मुली वाट पाहत होत्या. वय होते ४५.

येथे एक प्रश्न मनात येतो, आणि तो दडपून टाकू नये. अनुभवी कप्तान घडायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. मग त्याने जिवंत राहून पुन्हा लढणे देशाच्या अधिक हिताचे नव्हते काय? कप्तानाने सर्वांत शेवटी जहाज सोडावे, ही दर्यावर्दींची रीत आहे. जहाजाबरोबर बुडालेच पाहिजे, असा कायदा नाही. आणि मुल्लांइतका कायदा जाणणारे नौदलात थोडेच होते! पण त्या क्षणी जहाजाच्या पोटात त्यांचे कितीतरी सहकारी अडकलेले होते. त्यांतील अनेकजण आज आपल्या वर्गात बसणाऱ्या मुलांच्या वयाचे. त्यांना मागे ठेवून स्वतःचा जीव वाचविणे मुल्लांच्या मनाला पटले नसावे. हिशेबाने पाहिले तर हा तोटाच. पण ज्याच्या हुकमावर माणसे मृत्यूच्या तोंडी जातात, त्याने स्वतःला त्यांच्यातून वगळले नाही, हा विश्वासही सैन्याचे बळच असतो. जाकीट देताना त्यांनी पद पाहिले नाही. अधिकार म्हणजे आधी घेण्याचा हक्क नव्हे, शेवटी निघण्याची जबाबदारी, हे त्यांनी कृतीने दाखविले.

राष्ट्राने त्यांना मरणोत्तर महावीर चक्र अर्पण केले. २००० साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' १९८९ पासून २०२१ पर्यंत नौदलाच्या सेवेत राहिली. दीवच्या टेकडीवर पहिल्या खुकरीची प्रतिकृती समुद्राकडे तोंड करून उभी आहे. सहलीला तिकडे जाल, तेव्हा तेथे क्षणभर थांबा. समोरच्या त्या पाण्यात एकट्या कप्तानाची नव्हे, १९४ जणांची समाधी आहे. मुल्लांनाही तशीच मोजणी आवडली असती.