लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व यंत्रनिर्माते होते. किर्लोस्कर उद्योगसमूहाचे ते संस्थापक. लोखंडी नांगरासाठी त्यांचे नाव सर्वतोमुखी असले, तरी शेतीला पाणी देण्याच्या साधनांमध्येही त्यांच्या कारखान्याने मोठी भर घातली. त्या कामाची दखल तुलनेने कमी घेतली जाते.

पूर्वायुष्य

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने त्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला; परंतु त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे पुढे आढळून आले. रंगकाम सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. तेथील यंत्रशाळेत यंत्रे हाताळताना मिळालेले ज्ञान हीच त्यांची खरी कमाई होय. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्याची नेमणूक झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली व ते बेळगावास परतले. तेथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान आधीपासूनच चालू होते.

नांगर आणि किर्लोस्करवाडी

सायकलींच्या धंद्यातून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व नंतर लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे नगरपालिकेच्या विस्तार योजनेमुळे बेळगावची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन व दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाने व्यापलेल्या या माळरानावर १९१० मध्ये कारखाना व वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहारेकरी म्हणून विश्वासाने कामावर ठेवले.

पाणी उपसण्याची साधने

नांगर, चरक आणि शेंगा फोडण्याची यंत्रे यांच्या जोडीने या कारखान्यात लोखंडी मोटा, रहाट व हातपंप तयार होऊ लागले. यांपैकी रहाट ही काही नवी कल्पना नव्हती. सोळाव्या शतकात बाबराने आपल्या आत्मवृत्तात पंजाबातील रहाटांचे वर्णन केले आहे. महाराष्ट्रात मात्र रहाटाचा वापर सर्वत्र सारखा नव्हता. देशावरील विहिरी खोल असत आणि तेथे मोट चाले. रहाटाची माळ जितकी लांब, तितके तिचे वजन वाढते. त्यामुळे साधारण ३० फुटांपलीकडे रहाट जड होऊ लागतो. किनारपट्टीवर पाणी उथळ असल्याने तेथे तो सोयीचा ठरे.

आजच्या पालघर जिल्ह्यातील वसईचा बागायती पट्टा हे याचे ठळक उदाहरण. येथील केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलांचे मळे पिढ्यान्‌पिढ्या रहाटावर पोसले गेले. आगाशीची प्रसिद्ध सुकेळीही याच मळ्यांतली. विहिरीवरील लाकडी चाकावर दोराची दुहेरी माळ आणि माळेला बांधलेली मातीची गाडगी, अशी या रहाटाची रचना असे. बैल किंवा रेडा गोल फिरला की दातेरी चाकांमुळे माळ फिरे, भरलेली गाडगी वर येऊन पन्हळीत रिकामी होत आणि पाणी पाटाने वाफ्यांत जाई. मोटेचा बैल निम्मा वेळ रिकामी मोट घेऊन मागे सरतो; रहाटाला पाण्याची धार अखंड असते आणि जनावर हाकण्यास एखादे पोरही पुरते.

दोष मात्र बरेच होते. दोर कुजे, गाडगी फुटत, लाकडी दाते झिजत आणि वर येतानाच पुष्कळ पाणी सांडून पुन्हा विहिरीत पडे. लोखंडी रहाटाने मूळ रचना कायम ठेवून हे दोष कमी केले. दोराऐवजी लोखंडी माळ, गाडग्यांऐवजी पत्र्याचे डबे आणि लाकडी दात्यांऐवजी ओतीव दातेरी चाके आली. जनावर थांबताच भरलेल्या डब्यांच्या भाराने चाक उलटे फिरून जोखडाचा दांडा जनावरावर आदळू नये, म्हणून खिट्टीची योजना असे. लहान वाटणारा हा भाग सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल. दुसरी बाजूही होती: लाकडी रहाट गावचा सुतार व कुंभार मिळून दुरुस्त करीत, तर लोखंडी रहाटाच्या सुट्या भागांसाठी दुकान गाठावे लागे, आणि त्याची किंमत लहान बागायतदाराला सहज झेपणारी नव्हती.

किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार झाला, म्हणजे रहाटाची जागा घेणारे साधनही त्याच कारखान्यात निर्माण झाले. तेलावरील इंजिने व नंतर विजेचे पंप आल्यावर वसईतील रहाट एकेक करून थांबले. रहाट जनावराच्या गतीनेच पाणी उपसत असे, त्यामुळे विहिरीला भरून येण्यास वेळ मिळे. पंपाला तशी मर्यादा नाही. किनाऱ्याजवळ गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत शिरते, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरींचे पाणी टँकरने बाहेर नेले जाऊ लागल्यावर वसईत पाणी वाचवण्यासाठी आंदोलन उभे राहिले.

अखेरचा काळ

पुत्र शंतनुराव यांच्या काळात उद्योगाचा विस्तार पुणे व बंगळूर येथे झाला. लक्ष्मणरावांचे निधन १९५६ मध्ये झाले. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.