पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : एक आई, एक आजी

अहिल्यादेवींचं नाव घेतलं की मुलांच्या डोळ्यांसमोर काय येतं? डोक्यावर पांढरा पदर, हातात शिवपिंडी आणि घाट-मंदिरांची लांबलचक यादी. यादी खरीच आहे. पण ही राज्यकर्ती बाई आई होती, आजीही होती, हे आपण मुलांना सांगतो का?

आपल्या जामखेड तालुक्यातलं चौंडी हे त्यांचं माहेर. 31 मे 1725 रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. 2024 मध्ये जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळालं ते चौंडीच्या या लेकीमुळे. 1733 मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 1745 मध्ये मालेराव आणि 1748 मध्ये मुक्ताबाई अशी दोन मुलं झाली.

1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, पण मल्हाररावांनी त्यांना अडवलं. पुढे सासऱ्यांनी या सुनेवर हिशोब, पत्रव्यवहार, तोफा-दारूगोळ्याची व्यवस्था अशी मोठमोठी कामं सोपवली.

1766 मध्ये मल्हारराव गेले. सरदारकी मालेरावांकडे आली आणि वर्षभरात, 1767 मध्ये, तेही आजारपणात वारले. आईने न्यायासाठी मुलाला रथाखाली देण्याची शिक्षा सुनावली ही गोष्ट आपण वर्गात रंगवून सांगतो. ती दंतकथा आहे, इतिहास नव्हे, एवढं मुलांना जरूर सांगा. एकुलता एक मुलगा गेल्यावर दत्तक घ्या, कारभार आमच्याकडे द्या, असा दबाव आला. राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाई डगमगल्या नाहीत. माधवराव पेशव्यांनी त्यांचा हक्क मान्य केला. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवून त्यांनी महेश्वरहून 28 वर्षं कारभार पाहिला. काशीविश्वनाथाचं मंदिर 1780 मध्ये बांधून झालं. ठिकठिकाणी विहिरी, धर्मशाळा उभ्या राहिल्या. महेश्वरात विणकरांना आसरा मिळाला.

आता त्यांची सगळी माया मुक्ताबाई, जावई यशवंतराव फणसे आणि नातू नथ्याबा यांच्यावर होती. पण नातू ऐन तारुण्यात आजाराने गेला. पाठोपाठ 1791 मध्ये जावईही गेले. मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं. आईने परोपरीने विनवलं, पण लेकीने ऐकलं नाही. बघा, सासऱ्यांच्या शब्दाखातर जी स्वतः मागे फिरली, तिला पोटच्या लेकीला मात्र मागे फिरवता आलं नाही. त्यानंतर तीन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही, असं इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने नोंदवलं आहे. मग लेकीचं स्मारक बांधायला घेतलं आणि पुन्हा कामाला लागल्या. 13 ऑगस्ट 1795 रोजी त्यांचं निधन झालं.

घर रिकामं झालं, तरी ही बाई प्रजेची आई होऊन राहिली. 'मातोश्री' हा शब्द नुसता मान म्हणून त्यांना चिकटलेला नाही.

जयंती मे महिन्याच्या सुट्टीत येते. म्हणून 13 ऑगस्टच्या परिपाठात घाटांच्या यादीआधी मुलांना मालेराव, मुक्ताबाई आणि नथ्याबा ही तीन नावं सांगा. मग यादी वाचा. मुलांना ती वेगळी ऐकू येईल.