विमानाचे इंजिन, मोटारीचा सांगाडा

उडणाऱ्या मोटारीची गोष्ट सांगणारा 'चिट्टी चिट्टी बँग बँग' हा १९६८ चा इंग्रजी चित्रपट अनेकांनी लहानपणी पाहिलेला असतो. जेम्स बाँडचे जनक इयान फ्लेमिंग यांच्या, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बालकथेवर तो बेतलेला होता. गोष्ट काल्पनिक खरी. पण 'चिट्टी बँग बँग' नावाची मोटार मात्र प्रत्यक्षात होती. ती उडत नसे, एवढेच. तिच्या बॉनेटखाली बसविलेले इंजिन मूळ उडणाऱ्या यंत्रासाठीच घडविलेले होते. एका वाहनाचे इंजिन काढून दुसऱ्यात बसविण्याचा नाद आज जगभरातील मोटारवेड्यांना आहे. या नादाच्या इतिहासात काउंट लुई झबोरोव्स्की यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही.

लुई यांचा जन्म २० फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनमध्ये झाला. घराण्याची मुळे पोलंडची, पण पैसा अमेरिकेतला. 'काउंट' या पदवीच्या अस्सलपणाविषयी त्या काळीही कुजबुज होती. वडील विल्यम एलियट झबोरोव्स्की हे मोटारशर्यतींच्या पहिल्या पिढीतील नामवंत चालक. एप्रिल १९०३ मध्ये फ्रान्समधील नीसजवळच्या ला तुर्बी घाटातील शर्यतीत त्यांची मर्सिडीज कड्यावर आदळली आणि ते जागीच ठार झाले. शर्टाच्या बाहीची सोन्याची कफलिंक हाताने चालवायच्या थ्रॉटलमध्ये अडकल्याने मोटार आवरता आली नाही, अशी कथा तेव्हापासून सांगितली जाते. लुई त्या वेळी आठ वर्षांचे होते.

आई मार्गारेट या न्यूयॉर्कच्या गडगंज ॲस्टर घराण्यातल्या. १९११ मध्ये त्याही गेल्या. सोळाव्या वर्षी लुई यांच्या हाती मॅनहॅटनमधील जमिनी, लाखो पौंडांची संपत्ती आणि इंग्लंडच्या केंट परगण्यात कँटरबरीजवळचा 'हायम' हा प्रशस्त वाडा आला. अशा वारसांची पुढची कहाणी बहुधा जुगाराच्या अड्ड्यांवर संपते. लुई यांनी पैसा उडविला नाही असे मुळीच नाही, परंतु तो उडविण्यासाठी त्यांनी वाड्याच्या आवारात कार्यशाळा उभारली.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा युरोपात विमानांची इंजिने पडून होती. जर्मनीला लढाऊ विमाने बाळगण्यास बंदी झाली होती आणि दोस्त राष्ट्रांनी युद्धासाठी घाऊक प्रमाणात बनविलेल्या इंजिनांना गिऱ्हाईक उरले नव्हते. दुसरीकडे लंडनजवळच्या ब्रुकलँड्स येथे १९०७ मध्ये बांधलेली सिमेंट काँक्रीटची शर्यतपट्टी पुन्हा खुली होत होती. सुमारे पावणेतीन मैलांची ही पट्टी वळणांवर भिंतीसारखी चढत जाई. अशा पट्टीवर मोटार वळविण्याच्या कौशल्यापेक्षा इंजिनाच्या ताकदीला भाव अधिक. ताकद स्वस्तात उपलब्ध होती आणि ती वापरायला जागाही होती. या दोहोंचा मेळ घालणारा माणूस तेवढा हवा होता.

या कामी लुई यांना साथ मिळाली ती कॅप्टन क्लाइव्ह गॅलप या, युद्धात वैमानिक राहिलेल्या अभियंत्याची. त्यांनी युद्धापूर्वीच्या मर्सिडीज मोटारीची चॅसिस घेतली, ती लांब केली आणि तिच्यावर मायबाख कंपनीचे सहा सिलिंडरचे विमान-इंजिन चढविले. या इंजिनाची क्षमता तब्बल २३ लिटर होती. आपल्याकडे एके काळी घरोघरी दिसणाऱ्या मारुती ८०० चे इंजिन पाऊण लिटरहून जरा मोठे. म्हणजे तशी एकोणतीस इंजिने एकत्र केली तर हे एक होईल.

इंजिन उचलून बसविणे हा या कामातला सोपा भाग. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते आणि आजही त्यात फरक पडलेला नाही. विमानाचे इंजिन पंखा फिरविण्यासाठी असते. त्याची गती कमी, मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्यांच्या आसपास. जोर मात्र प्रचंड. मोटारीच्या चाकांना तेवढ्या फेऱ्यांत हवा तसा वेग द्यायचा, तर गिअरचे सगळे गणित बदलावे लागते. इतका जोर पेलतील असे दांडे व दंतचक्रे त्या काळच्या मोटारींत दुर्मीळ होती. त्यामुळे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेण्याचे काम सायकलसारख्या, पण कितीतरी जाड साखळ्यांकडे आले. साखळीचा एक फायदा असा, की दातेरी चकती बदलली की वेगाचे प्रमाण बदलता येई. उरलेल्या गोष्टींना असा तोडगा नव्हता. पुढच्या चाकांना ब्रेकच नव्हते. टायर त्या काळच्या वेगांसाठी बनविलेले होते आणि नव्या वेगाला ते किती तग धरतील, हे पट्टीवर गेल्यावरच कळणार होते.

१९२१ च्या ईस्टरला ही मोटार ब्रुकलँड्सवर उतरली. चार आसनांचे ओबडधोबड अंग आणि धुराड्याचा बेढब पाइप पाहून प्रतिस्पर्ध्यांनी तिला फारसे गांभीर्याने घेतले नसावे. हे सोंग तसे हेतुपुरस्सर होते, असेही म्हणतात. त्या दिवशी तिने दोन शर्यती जिंकल्या आणि ताशी शंभर मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा टप्पा ओलांडला. 'चिट्टी बँग बँग' हे नाव तिच्या आवाजावरून पडले की युद्धकाळात सैनिक गात असलेल्या एका चावट गाण्यावरून, यावर एकमत नाही. तिच्या गडगडाटाला कंटाळून कँटरबरी शहराने तिला वेशीच्या आत येण्यास बंदी केली, हीसुद्धा केंटमध्ये आवडीने सांगितली जाणारी आख्यायिका.

पाठोपाठ १८.८ लिटरचे बेंझ इंजिन असलेली दुसरी चिट्टी आणि जवळपास १५ लिटरची तिसरी मोटार तयार झाली. दुसऱ्या चिट्टीने शर्यतींत फारसे नाव काढले नाही, पण १९२२ मध्ये लुई आणि त्यांच्या पत्नी व्हायोलेट तिच्यातून थेट सहारा वाळवंटापर्यंत जाऊन आले. त्याच वर्षी पहिल्या चिट्टीला ब्रुकलँड्सवर भीषण अपघात झाला. लुई बचावले; पण वेळ नोंदविणाऱ्या एका अधिकाऱ्याला तीन बोटे गमवावी लागली. इंजिनाच्या जोराला बाकीची मोटार पुरी पडत नाही, याची किंमत अशी दुसऱ्या कोणीतरी मोजली, ही बाब चिट्टीच्या गमतीदार कहाण्यांत सहसा येत नाही.

लुई थांबले नाहीत. त्यांची शेवटची निर्मिती 'हायम स्पेशल' ही सर्वांत दांडगी. अमेरिकेने युद्धासाठी बनविलेले बारा सिलिंडरचे, २७ लिटरचे 'लिबर्टी' इंजिन, सुमारे ४५० अश्वशक्ती, आणि तिला जोडलेला युद्धपूर्व 'ब्लिट्झेन बेंझ'चा गिअरबॉक्स. ती मनासारखी होण्याआधीच तिच्या मालकाचे आयुष्य संपले.

अजस्र इंजिनांपलीकडे त्यांना काही कळत नव्हते, असा समज मात्र चुकीचा ठरेल. आंतरराष्ट्रीय ग्रां प्री शर्यतींचे नियम १९२२ पासून दोन लिटरच्या इंजिनांवर आले होते आणि या बदलाकडे लुई यांचे लक्ष होते. लायोनेल मार्टिन यांच्या धडपडणाऱ्या ॲस्टन मार्टिन कंपनीत त्यांनी सुमारे दहा हजार पौंड घातले आणि १९२२ च्या फ्रेंच ग्रां प्रीमध्ये स्वतः तिची मोटार चालविली. १९२३ मध्ये ते अमेरिकेतील इंडियानापोलिसला बुगाटी घेऊन गेले, पण शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. त्याच वर्षाअखेर बार्सिलोनाजवळील सिट्जेस येथे अमेरिकन बनावटीच्या मिलर मोटारीतून त्यांनी दुसरा क्रमांक पटकावला. चालक म्हणून त्यांची योग्यता ठरवायची, तर चिट्टीच्या विजयांपेक्षा हा दुसरा क्रमांकच वजनदार मानायला हवा.

त्यांना आगगाड्यांचेही वेड होते. हायमच्या आवारात पंधरा इंच रुंदीच्या रुळांवर धावणारी छोटी रेल्वे होती. नेरळ-माथेरानची गाडीही हिच्यापुढे ऐसपैस वाटावी. मित्र कॅप्टन हॉवी यांच्यासमवेत अशीच पण सार्वजनिक रेल्वे उभारण्याचा त्यांचा बेत होता आणि दोन वाफेच्या इंजिनांची मागणीही त्यांनी नोंदविली होती. हॉवी यांनी नंतर तो बेत तडीस नेला. केंटच्या किनाऱ्यावरील रोमनी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वे १९२७ मध्ये सुरू झाली आणि आजही चालू आहे.

१९२४ मध्ये मर्सिडीजने लुई यांना आपल्या संघात घेतले. ज्या कंपनीच्या मोटारीत वडील गेले, तिच्याच संघात मुलाला जागा मिळाली. १९ ऑक्टोबर रोजी मोंझा येथील इटालियन ग्रां प्रीमध्ये लेस्मोच्या वळणावर त्यांची मोटार पट्टीबाहेर जाऊन झाडावर आदळली. त्यांचे वय २९ होते. मर्सिडीजने संघाच्या उरलेल्या मोटारी शर्यतीतून मागे घेतल्या. त्या दिवशी लुई यांनी वडिलांच्याच कफलिंक घातल्या होत्या, असे म्हटले जाते. त्याला पुरावा असा नाही. पुरावा आहे तो एवढाच, की २३ आणि २७ लिटरच्या राक्षसी यंत्रांतून सहीसलामत उतरलेला हा माणूस अवघ्या दोन लिटरच्या मोटारीत गेला. पहिल्या चिट्टीच्या एकेका सिलिंडरची क्षमताही त्याहून जवळपास दुप्पट होती.

पहिली चिट्टी पुढे शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉइल यांच्या मुलांनी घेतली; कालांतराने तिचे सुटे भाग झाले. 'हायम स्पेशल' वेल्समध्ये जन्मलेले अभियंते जॉन पॅरी-थॉमस यांनी अवघ्या १२५ पौंडांत विकत घेतली. कार्ब्युरेटर, पिस्टन, बाह्यांग असे बरेच काही बदलून त्यांनी तिला 'बॅब्स' हे नाव दिले आणि एप्रिल १९२६ मध्ये वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ताशी १७१.०२ मैल, म्हणजे सुमारे २७५ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेल यांनी तो मोडला. विक्रम परत मिळविण्याच्या प्रयत्नात ३ मार्च १९२७ रोजी 'बॅब्स' उलटली आणि पॅरी-थॉमस मृत्युमुखी पडले. साखळी तुटल्याने हे घडले, असे दीर्घकाळ मानले गेले. नंतरच्या तपासणीत मागच्या चाकाकडे बोट दाखविले गेले.

मोडकी मोटार तिथेच वाळूत पुरण्यात आली. १९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या वेल्समधील अभियांत्रिकीच्या अध्यापकाने ती उकरून काढली. बेचाळीस वर्षे खाऱ्या वाळूत राहून पत्रा गंजून गेला होता. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ते लिबर्टी इंजिन पुन्हा सुरू झाले.