शिव्यांना अभंगाचे उत्तर

श्रावणी सोमवारी ओतूरला कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी पाहायला मांडवीच्या काठी केवढी गर्दी लोटते, हे जुन्नर तालुक्यातल्या वाचकांना सांगायला नको. त्या गर्दीतले बरेच जण जवळच असलेल्या बाबाजी चैतन्यांच्या समाधीवरही डोके टेकवतात. तुकोबांना स्वप्नात मंत्र देणारे हेच ते सद्गुरू. याच ओतुरातून आळेफाटा, आणे घाट करीत नगरकडे रस्ता जातो. तुकोबांचा हात धरून नगरच्या चर्चमध्ये टाळ-मृदंग नेणाऱ्या एका चित्पावन कवीची आठवण मला या रस्त्यावर नेहमी होते. ते कवी म्हणजे नारायण वामन टिळक. टिळक आडनाव ऐकताच आपल्याला केसरी आठवतो, त्यामुळे हे दुसरे टिळक शाळेच्या पुस्तकातल्या कवितेपुरतेच उरले.

६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. वडील तापट, आई कवितेची वेडी. ती लवकर गेली आणि पोर घराबाहेर पडले ते नाशकात. तिथे त्यांना संस्कृत मिळाले, काव्य मिळाले आणि जवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगीही मिळाली. ह्या लक्ष्मीबाई. त्यांचे वडील सोवळ्याचे इतके कडक की मीठ-साखरसुद्धा धुऊन घ्यायचे! अशा घरातली मुलगी पदरात पडली ती एका जागी न टिकणाऱ्या, बाजाराला दिलेल्या पैशांत भलतेच काही घेऊन येणाऱ्या नवऱ्याच्या. आमच्या बँकेत असे खातेदार असत. मनाने राजे, पण शिल्लक नेहमी शून्य.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. गाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यशास्त्राच्या गप्पा झाल्या आणि उतरताना त्याने नव्या कराराचे पुस्तक हातात ठेवले. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांनी भिडेखातर वाचायला घेतले ते पुस्तक डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. शत्रूवर प्रेम करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या, ही शिकवण त्यांच्या मनातून हलेना. ज्ञानोदयाच्या मार्फत, नाव लपवून, त्यांनी बाबा पदमनजींशी पत्रव्यवहार केला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

तो काळ कसा होता ते ध्यानात घ्यायला हवे. बाटलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखाच असे. पुढच्याच वर्षी मुंबईत प्लेग आला, १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. साहेब, सरकार, पाद्री हे सगळे लोकांच्या लेखी एकच. त्यात ब्राह्मणाने ख्रिस्ती व्हावे, म्हणजे शत्रूच्या गोटात गेल्यासारखे. टिळकांच्या वाट्याला कुचेष्टा आणि शिव्या दोन्ही आल्या. मात्र सर्वांत मोठा घाव लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला, आणि तो टिळकांनीच घातलेला होता. हे मला त्यांच्या भक्तांसारखे झाकता येत नाही. जगावर प्रेम करायला निघालेल्या या माणसाने बायकोला विश्वासात घेतले नव्हते. बातमी ऐकून त्या माउलीला वेड लागायची पाळी आली. लहानग्या दत्तूला घेऊन ती काही वर्षे बहिणीच्या आधाराने राहिली. जेमतेम लिहिता-वाचता येणाऱ्या या बाईने त्या दुःखात कविता रचल्या.

टिळकांनी शिव्यांना शिवीने उत्तर दिले नाही. नगरला ते धर्मशाळेत शिकवू लागले, पत्रे लिहीत राहिले, आणि तुझा धर्म तू पाळ, माझी सक्ती नाही, असे पत्नीला कळवत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. एका घरात दोन चुली, दोन पाणी. टिळकांनी ते मानले. उतावळ्या स्वभावाच्या या माणसाने आयुष्यात दाखवलेला सर्वांत मोठा धीर मला हाच वाटतो. मग बाईंचे त्यांनाच उमगले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

ते वर्ष दुष्काळाचे होते. नगर जिल्हा होरपळला होता, पोरकी मुले मिशनच्या दारात येत होती. टिळकांच्या घरात स्वतःची मुले किती आणि दुसऱ्यांची किती हे सांगणे अवघड झाले. प्लेग आला तेव्हा माणसे आपल्याच रक्ताच्या नात्याला टाकून पळत होती. लक्ष्मीबाई आजाऱ्यांच्या सेवेला उभ्या राहिल्या. हे सारे करताना टिळकांची लेखणी थांबत नव्हती. एका पारध्याने मारलेल्या पक्षिणीवरची त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ पुढे कित्येक पिढ्यांनी पाठ केली. मारणाऱ्याला शाप देण्यापेक्षा मरणाऱ्या आईच्या जिवात शिरणे, हा त्यांचा स्वभाव त्या कवितेत दिसतो.

त्यांच्या आधी मराठी चर्चमध्ये बरीचशी गीते साहेबी चालीवर गायली जात. खेड्यातल्या माणसाला ती कशी आपली वाटावी? टिळकांनी अभंग आणले, ओव्या आणल्या, भजने आणली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते उघड सांगत. ख्रिस्ताला त्यांनी आई म्हटले, गुरू म्हटले. ख्रिस्ती कीर्तनेही त्यांनी केली. ज्याला परका धर्म म्हणून लोक धोंडे मारीत होते, तो वारकऱ्याच्या भाषेत बोलू लागला. मिशनमधल्या काही मंडळींना हेही रुचले नाही! दोन्हीकडून बोल खाणारा माणूस बहुधा बरोबर जागी उभा असतो, असे माझे नोकरीच्या दिवसांपासूनचे मत आहे.

नगरच्या त्यांच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक मुलगा येऊन राहिला. हे आपले बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या मुलासारखे वाढले. बालकवी हिंदूच राहिले. १९१८ च्या मे महिन्यात भादलीजवळ आगगाडीखाली ते गेले, तो घाव या घरालाही बसला.

१९१७ साली टिळकांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे बसायला जागा होती. पण हाती वेळ थोडा होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. समाधी नगरला आहे.

ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. टिळकांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले ते त्याच लक्ष्मीबाईंनी, ज्यांना ती बातमी ऐकून जीव नकोसा झाला होता. १९३६ साली त्या गेल्या. १९३८ साली ग्रंथ छापून आला.