पद गेलं, पण भूमिहीनांची बाजू सोडली नाही. केनियाच्या बिल्दाद कागिया यांची गोष्ट

आफ्रिकेतल्या केनिया देशात शेतजमिनीचा विषय निघाला की बिल्दाद कागिया यांचं नाव आजही घेतलं जातं. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेला आणि सत्तेत बसलेला हा माणूस पुढे गावाकडे पिठाची गिरणी चालवत होता.

कागिया यांचा जन्म नैरोबीजवळच्या दागोरेतीचा. तेव्हा केनियावर इंग्रजांचं राज्य होतं. डोंगरपट्ट्यातली कसदार जमीन गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावलेली, आणि मूळ रहिवासी त्यांच्याच मळ्यावर मजुरीला. शाळा शिकून कागिया सरकारी कचेरीत कारकून झाले.

दुसरं महायुद्ध चालू असताना 1940 मध्ये ते इंग्रजांच्या लष्करात भरती झाले. लिहिता-वाचता येत असल्याने वाट्याला कारकुनीच आली. आधी मध्यपूर्वेत आणि मग थेट इंग्लंडला त्यांची नेमणूक झाली. लष्करात काळ्या शिपायाला पगार कमी आणि मान त्याहून कमी. पण इंग्लंडातली साधी गोरी माणसं त्यांच्याशी बरोबरीने वागली. मग आपल्याच देशात आपण खालचे का, हा प्रश्न घेऊन ते 1946 मध्ये परतले.

वर्दी उतरवल्यावर ते कामगार युनियनमध्ये पडले. कारकून आणि कामगारांना त्यांनी संघटित केलं. ऑक्टोबर 1952 मध्ये इंग्रज सरकारने आणीबाणी लावून पुढाऱ्यांना उचललं. जोमो केन्याटा, कागिया आणि आणखी चौघांवर कापेंगुरिया इथे खटला चालला. माऊ माऊ बंड चालवल्याचा आरोप होता. एप्रिल 1953 मध्ये सात वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. सुटका व्हायला 1961 उजाडलं.

1963 मध्ये देश स्वतंत्र झाला. केन्याटा प्रमुख झाले, कागिया कांदारा भागातून निवडून येऊन शिक्षण खात्यात उपमंत्री झाले. इथेच खरी ठिणगी पडली. गोऱ्यांचे मळे कर्ज काढून विकत घ्यायचे आणि लोकांनी ते कर्ज फेडायचं, असं सरकारचं धोरण. कागियांचं म्हणणं सरळ होतं. जमीन मुळात आपलीच होती, ज्यांनी लढ्यात घरदार गमावलं त्यांनी ती पुन्हा विकत का घ्यावी? भूमिहीनांना ती फुकट द्या. केन्याटांनी समज दिली, हे ऐकले नाहीत. 1964 मध्ये पद गेलं.

याच बाजूने उभे असलेले त्यांचे मित्र, गोव्याच्या कुटुंबातले पियो गामा पिंटो यांची फेब्रुवारी 1965 मध्ये नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी केन्याटांनी कांदाऱ्याच्या भर सभेत कागियांना सुनावलं. बरोबरच्यांनी तुरुंगातून सुटून घरं बांधली, धंदे उभारले. तू स्वतःसाठी काय केलंस, असा तो सवाल होता. टोमणा म्हणून मारलेला हा सवाल पुढे कागियांच्या सचोटीचा दाखला म्हणूनच लोक सांगू लागले.

1966 मध्ये ते ओगिंगा ओडिंगा यांच्या विरोधी पक्षात गेले आणि निवडणूक हरले. काही वर्षांनी जुन्या पक्षात परतले, सरकारी शेतमाल मंडळावर कामही केलं. 1975 मध्ये आत्मचरित्र छापलं. पण इस्टेट काही केली नाही. मक्याच्या पिठाची छोटी गिरणी आणि साधं राहणं, एवढंच.

मार्च 2005 मध्ये ते वारले. एकेकाळचे सोबती मोठमोठ्या मळ्यांचे मालक होऊन गेले होते. ज्या भूमिहीनांसाठी कागियांनी खुर्ची घालवली, त्यांच्यातल्या अनेकांच्या नावावर मात्र तेव्हाही गुंठाभर जमीन नव्हती.