महालक्ष्मीची वाट

झांशीच्या महाराणी लक्ष्मीबाईसाहेबांचे नाव उच्चारताच घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेला बालक डोळ्यांपुढे उभा राहतो. गावोगावच्या पुतळ्यांनी तेच रूप कायम केले आहे. परंतु या वीरांगनेचा दिवस देवपूजेवाचून जात नसे, आणि त्या उपासनेला एक आतले व एक बाहेरचे अशी दोन दारे होती, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. भगवंताची आराधना एकांतात करावी की चारचौघांत, हा प्रश्न साधकांना वारंवार पडतो. त्याचा विचार करू लागलो की मला हे चरित्र आठवते.

काशीक्षेत्री मोरोपंत तांबे यांच्या घरी जन्मलेली मणिकर्णिका ब्रह्मावर्तास श्रीमंत बाजीरावसाहेबांच्या आश्रयाखाली वाढली व १८४२ साली गंगाधरराव नेवाळकरांची पत्नी होऊन झांशीस आली. १८५१ साली झालेला पुत्र काही महिन्यांतच गेला. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी पतीही निवर्तले. दत्तक दामोदररावांस मान्यता न देता कंपनी सरकारने १८५४ साली राज्य खालसा केले आणि दरमहा पाच हजार रुपयांचा तनखा बांधून राणीसाहेबांना किल्ल्यातून शहरातील वाड्यात राहावयास लाविले.

त्या वाड्यातील त्यांची पूजा ही खरोखर एकांतातील पूजा होती. केशवपन केलेले नसल्यामुळे त्याचे प्रायश्चित्त त्या नित्य घेत, तुळशीची व पार्थिव शिवलिंगाची पूजा करीत, पुराण ऐकत. रामनाम लिहिलेल्या चिठ्ठ्या कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना घालण्याचा त्यांचा नेम चरित्रकारांनी सांगितला आहे. पुत्र, पती व राज्य, तिन्ही गेलेल्या त्या तरुण विधवेला कशाने सावरले असेल, हे यावरून उमगते.

या पूजेला सरकारची काहीच हरकत नव्हती. देवघरात काय चालते याची साहेबास कशाला पर्वा? परंतु नेवाळकरांची कुलदेवता महालक्ष्मी, जिचे देऊळ लक्ष्मीतलावाच्या काठी आहे, तिच्या सेवेसाठी पूर्वजांनी लावून दिलेली गावे सरकारने काढून घेतली. राणीसाहेबांनी तक्रार केली, ती व्यर्थ गेली. दामोदररावांच्या मुंजीसाठी त्यांच्याच नावे ठेवलेल्या सहा लाखांतून एक लाख मागितला, तर सरकारने जामीनदार आणण्यास सांगितले. धर्म ही ज्याची त्याची घरगुती बाब आहे, असे मानणाऱ्यांना देवळाची गावे म्हणजे केवळ महसूल वाटला. पण देवळातला दिवा एकट्याचा नसतो. नैवेद्य बंद झाला म्हणजे त्या प्रसादावर जगणारेही उपाशी राहतात. राणीसाहेबांना वैयक्तिक पूजेचे स्वातंत्र्य पुरेसे वाटले नाही, ते यामुळेच असावे.

जून १८५७ मध्ये झांशीतील इंग्रजी अंमल उठला व कारभार पुन्हा त्यांच्या हाती आला. त्या काळचे चित्र वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी प्रत्यक्ष पाहून लिहून ठेविले आहे. ते लिहिले १८८३ साली, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, आणि लिहिणारा भिक्षुक असल्याने दानदक्षिणेचे कौतुक त्यात जरा अधिक आहे, हे खरे. मंगळवारी व शुक्रवारी राणीसाहेब महालक्ष्मीच्या दर्शनास जात, कधी पालखीतून, कधी घोड्यावरून. बरोबर वाद्ये, स्वार आणि भालदार-चोपदार असत. हा थाट दांभिक नव्हता काय, अशी शंका कोणी घेईल, आणि गीतेने दंभाची गणना आसुरी संपत्तीतच केली आहे.

याचे उत्तर त्याच वाटेवर घडलेल्या एका प्रसंगात आहे. थंडीचे दिवस होते. दर्शन घेऊन परतताना गोरगरिबांच्या मोठ्या जमावाने वाट अडविली. हे लोक का जमले आहेत, असे राणीसाहेबांनी दिवाण लक्ष्मणरावांस विचारले. ते थंडीने काकडत आहेत व अंगावर घालण्यास मागत आहेत, असे कळताच त्यांनी चौथ्या दिवशी शहरातील प्रत्येक गरिबास एक टोपी, एक बंडी व एक घोंगडी द्यावी, असा हुकूम केला. वाड्यातील देवघरात ही थंडी त्यांच्यापर्यंत पोहोचली नसती. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याला एकांतात, एकट्याने बसण्यास सांगितले आहे. दहाव्यात भक्त एकमेकांना बोध करीत आनंदाने राहतात असे वर्णन आहे. आणि तिसऱ्यात लोकसंग्रहाची आज्ञा आहे. यांत विरोध पाहण्याचे कारण नाही. तरीही कोणती पूजा अधिक कठीण, असे मला कोणी विचारले तर मी दुसरी म्हणेन. एकांतात फक्त देव समोर असतो. देवळाच्या वाटेवर त्याच्यासह सारे गाव समोर येते.

मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा वेढा पडला. ३ एप्रिलला इंग्रजी फौज शहरात घुसली आणि दुसऱ्या रात्री राणीसाहेब काल्पीकडे निघाल्या. पुढे त्याच मुलखात विष्णुभटांना त्या एका विहिरीपाशी भेटल्या. पठाणी वेष होता, अंग धुळीने भरलेले होते, तहान लागली होती. भटजी पाणी काढू लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी श्रम करू नयेत म्हणून त्यांनी ते भांडे स्वतःच्या हाती घेतले. एका विधवेला लागते किती? मूठभर तांदळावर, व्रते करीत त्यांना स्वस्थ राहता आले असते. पण धर्माचा अभिमान धरून हे ओझे पत्करले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय भटजींनी नोंदविला आहे. मग त्यांनी स्वतः पाणी शेंदले, ओंजळीने प्यायल्या आणि पुढे निघून गेल्या.

त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, १७ जून १८५८ रोजी, ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई येथील लढाईत त्या पडल्या. त्यांचा अंत्यसंस्कार बाबा गंगादास यांच्या आश्रमापाशी झाला.