स्वतःचा सूर

बेळगावहून मिरजेकडे आगगाडीने निघाले म्हणजे थोड्याच वेळात सुळेभावी नावाचे लहानसे स्टेशन लागते. याच गावी ८ एप्रिल १९२४ रोजी एका कानडी कुटुंबात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा जन्म झाला. कुमार गंधर्व या नावाने पुढे भारतभर विख्यात झालेले गायक ते हेच.

वडिलांना गाण्याची आवड होती. लहानग्या शिवपुत्राची ग्रहणशक्ती तर विलक्षण! नामांकित गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्यात आणि त्या हुबेहूब गाऊन दाखवाव्यात, हा त्याचा नित्याचा खेळ. हे पाहून एका मठाच्या स्वामींनी त्यास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. गावोगावी जलसे झाले, लोक अचंबित झाले. परंतु लोकांना हवे होते ते थोरांचे गाणे एका बालकाच्या मुखातून. बालपण सरते, मग त्या कौतुकाचे काय? अनेक बालकलावंतांचे तेज याच वळणावर मावळते.

१९३६ च्या सुमारास कुमार मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकू लागले. निरनिराळ्या घराण्यांचे गाणे मोकळ्या मनाने ऐकावे आणि त्याचा विचार करावा, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. नक्कल करणारा मुलगा हळूहळू विचार करणारा गायक बनला.

कीर्ती वाढत असतानाच, वयाच्या तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी, क्षयरोगाने त्यांना गाठले. हवापालटासाठी १९४८ साली ते माळव्यातील देवास येथे जाऊन राहिले. डॉक्टरांनी गाण्यास सक्त मनाई केली. सुमारे पाच वर्षे हा गंधर्व अबोल होता. पत्नी भानुमतीबाईंनी शुश्रूषेचा भार वाहिला. या काळात बिछान्यावर पडल्या पडल्या कुमारांच्या कानी येत ती खेड्यापाड्यांतील स्त्रियांची लोकगीते. ज्या गाण्यास ना सभा, ना टाळ्या, ते गाणे त्यांनी मन लावून ऐकले.

स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध लागू पडले आणि ते बरे झाले. परंतु एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. दीर्घ दमसासाचे जुने गाणे आता शक्य नव्हते. श्रोत्यांना तर पूर्वीचाच कुमार हवा होता. त्याची उणी प्रतिकृती होऊन जगावे, की आहे त्या श्वासात नवे गाणे शोधावे? त्यांनी दुसरी वाट धरली. लहान, पण भावपूर्ण स्वरावली, लोकधुनांतून उगवलेले लगनगंधारासारखे नवे राग आणि कबीरादी संतांची निर्गुणी भजने यांतून त्यांचे गाणे घडले. १९६५ साली ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या रचनांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे परंपरेस सोडून आहे, असा आक्षेप कित्येकांनी घेतला. तरी त्यांनी आपली वाट बदलली नाही.

याचा अर्थ त्यांनी वडीलधाऱ्यांचा अव्हेर केला असा मात्र नव्हे. बालगंधर्वांच्या गायकीवर त्यांनी आदराने स्वतंत्र कार्यक्रम केला. त्यातही नक्कल नव्हती, स्वतःस उमजलेले तेवढेच होते. १९९० साली पद्मविभूषण हा सन्मान लाभला आणि १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, घरच्यांच्या आशा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुलना यांचे ओझे तुमच्याही खांद्यावर असते. थोरांचे अवश्य ऐकावे, श्रमात कसूर करू नये. परंतु दुसऱ्याच्या मनातील आपले चित्र पुरे करण्यातच आयुष्य वेचले, तर चित्तास स्वास्थ्य कोठून लाभणार? आपला श्वास केवढा आहे हे ओळखून त्यात प्रामाणिकपणे गावे. सुळेभावीच्या या सुपुत्राचे चरित्र आपणांस हेच शिकविते.